घटक ३ : डॉ. श्रीनाथ शेषगिरी कालबाग – जीवन आणि कार्य

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• डॉ. कालबाग यांच्या जीवनाचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
• पाबळ येथील विज्ञान आश्रमामागील शैक्षणिक विचार स्पष्ट करता येईल.
• आरोग्य आणि अन्नाची शुद्धता या विषयांतील उपयोजित विज्ञान सामान्य माणसापर्यंत कसे पोहोचते, हे सोदाहरण मांडता येईल.
• विज्ञानव्यवहारातील लोकभाषेचे स्थान ओळखता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे अभ्यासली. चरित्रनायक म्हटला की राजपुरुष, संत, समाजसुधारक किंवा साहित्यिक आपल्या डोळ्यांसमोर येतात. शास्त्रज्ञाचे चरित्र मराठीत तुलनेने कमी लिहिले गेले; आणि जे लिहिले गेले ते बहुधा शोध, पारितोषिके आणि परदेशातील मानसन्मान यांच्या अंगाने. या घटकात आपण ज्यांचा परिचय करून घेणार आहोत, त्या डॉ. श्रीनाथ कालबाग यांच्या आयुष्याचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. ते परदेशी विद्यापीठाकडून राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे, तेथून मोठ्या उद्योगाच्या संशोधन केंद्राकडे आणि अखेरीस शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावाकडे आले.

या प्रवासाकडे त्याग म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु तसे पाहिल्यास चरित्राचा गाभा निसटतो. कालबागांनी विज्ञानसंशोधन सोडले नाही, त्याची जागा बदलली. ज्या माणसाच्या रक्ताविषयी, दुधाविषयी, विहिरीच्या पाण्याविषयी विज्ञान निर्णय देते, त्या माणसाच्या हातात मोजमापाचे साधन आहे की नाही, हा त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्यामागचा मूळ प्रश्न होता. या प्रश्नाच्या आधारेच आपण त्यांचे जीवन समजून घेऊ.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ अन्नशास्त्रज्ञाची जडणघडण

श्रीनाथ शेषगिरी कालबाग यांचा जन्म १९२८ सालचा. त्यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान या विषयात डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर ते म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत दाखल झाले. ही संस्था १९५० साली सुरू झाली होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशापुढे त्या काळी अन्नाचा प्रश्न सर्वांत मोठा होता. धान्य साठवणुकीत नासत होते, मुलांच्या आहारात प्रथिने कमी पडत होती, आणि परदेशातून येणारे बालान्न सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार करण्याची पद्धती याच संस्थेत विकसित झाली, हे आपण लक्षात घ्यावे. अन्नशास्त्र हे थेट लोकांच्या ताटाशी जोडलेले शास्त्र आहे, याची जाणीव देणारे असे ते वातावरण होते.

पुढे कालबाग मुंबईत हिंदुस्थान लिव्हर या कंपनीच्या संशोधन केंद्रात गेले. तेथे ते अभियांत्रिकी विज्ञान विभागाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. खाद्यतेले, वनस्पती तूप, साबण अशा नित्याच्या वस्तूंच्या या उद्योगात संशोधनाचे फलित कारखान्यात आणि बाजारात लगेच तपासले जाते. प्रयोगशाळेतील कल्पना प्रत्यक्ष यंत्रावर उतरवताना किती अडचणी येतात, किती खर्च येतो, कारागिराचे कौशल्य किती मोलाचे ठरते, याचा अनुभव त्यांना येथे मिळाला. पाबळच्या कार्यात हाच अनुभव त्यांच्या कामी आला.

या काळातील अन्नविज्ञान कसे चाले, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. वनस्पती तूप स्वस्त असल्याने ते साजूक तुपात मिसळण्याचा गैरप्रकार बोकाळला होता. दोन्हींचे रूप सारखे, त्यामुळे गिऱ्हाइकाला भेसळ ओळखू येत नसे. यावर शासनाने एक युक्तीचा नियम केला : प्रत्येक वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे. तिळाच्या तेलाचा एक गुण असा की, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर यांच्यासह ते हलवले, तर काही मिनिटांत आम्लाच्या थराला गडद तांबडा रंग येतो. ‘बॉदुआँ चाचणी’ या नावाने ती ओळखली जाते. वितळलेल्या साजूक तुपावर ही चाचणी केली आणि तांबडा रंग आला, तर त्यात वनस्पती तूप मिसळले आहे असा संशय पक्का होतो. म्हणजे भेसळीच्या पदार्थातच तिची खूण आधीपासून पेरून ठेवलेली होती.

ही योजना कल्पक होती. पण ती वापरणार कोण? अन्न निरीक्षकाकडे आम्ल होते, परीक्षानळी होती, १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा आधार होता. तूप विकत घेणाऱ्या गृहिणीकडे किंवा तूप कढवून विकणाऱ्या शेतकरी स्त्रीकडे यांपैकी काहीच नव्हते. ज्ञान सिद्ध झाले होते; ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती, ते मात्र त्यापासून दूर होते.

३.३.२ निर्णयाचा क्षण

१९८२ साली कालबागांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. वय अवघे चोपन्नच्या आसपास. पद, वेतन आणि प्रतिष्ठा सर्व काही हाताशी होते. ग्रामीण शिक्षणातून विकास साधता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. त्यांनी पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आश्रयाने नवे केंद्र उभारण्याचे ठरवले. थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली ही संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्यास आली होती. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शालेय शिक्षणात ‘कार्यानुभव’ असावा, अशी शिफारस या आयोगाने केली होती. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, महात्मा गांधींनी वर्धा येथे नई तालीमची कल्पना मांडली होती. कालबागांचा विचार या परंपरेतलाच होता. मात्र त्यांच्या योजनेत चरख्याच्या जागी लेथ, वेल्डिंगचे यंत्र, माती-परीक्षणाची पेटी आणि सूक्ष्मदर्शक आले.

३.३.३ पाबळची निवड

१९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना झाली. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील हे गाव इतिहासप्रेमींना मस्तानीच्या समाधीमुळे परिचित आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश. पाऊस तुटपुंजा आणि बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी ही येथील पारंपरिक पिके. गावाबाहेरच्या उजाड माळावर आश्रम उभा राहिला. सुपीक, बागायती गाव निवडले असते तर यश लवकर दिसले असते. पण महाराष्ट्रातील बहुसंख्य खेडी पाबळसारखी आहेत. येथे जे टिकेल ते इतरत्रही टिकेल, हा या निवडीमागील तर्क एखाद्या प्रयोगकर्त्याला शोभणारा आहे.

‘विज्ञान आश्रम’ हे नावही विचारपूर्वक पाहण्यासारखे आहे. ‘आश्रम’ शब्दाच्या मुळाशी ‘श्रम्’ हा धातू आहे. एकांत, उपासना हे अर्थ रूढ झाल्याने श्रमाचा मूळ अर्थ आपल्याला सहसा जाणवत नाही. पाबळच्या आश्रमात तो शब्दशः खरा ठरला.

३.३.४ काम करता करता शिक्षण

आश्रमात प्रवेश घेणारी मुले प्रामुख्याने शाळा सुटलेली किंवा परीक्षेत मागे पडलेली होती. शाळेने ज्यांना ‘नापास’ ठरवले, त्यांच्या हातांत बुद्धी असते. ती जागी करण्यासाठी खरे काम लागते, असे कालबागांचे मत होते. खरे काम म्हणजे ज्याला गिऱ्हाईक आहे, ज्याचे पैसे मिळतात आणि जे चुकले तर कोणी तरी तक्रार घेऊन येते असे काम. गावकऱ्यांना हव्या असलेल्या सेवा विद्यार्थी पुरवीत. त्यातून त्यांना कौशल्य, हिशेब आणि जबाबदारी यांचे शिक्षण मिळे. शिकवणारेही बव्हंशी स्थानिक कारागीर असत.

अभ्यासक्रमाचे चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, व गृह आणि आरोग्य. एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमाबरोबरच माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी द्यावा, अशी ही योजना. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने तिला मान्यता दिली.

पाण्याच्या प्रश्नातून या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट होते. विहीर खणण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. आश्रमाने भूगर्भातील विद्युतरोध मोजण्याचे तंत्र हाती घेतले. जमिनीत ठरावीक अंतरावर सळया रोवून वीज सोडली, की कोरडा अखंड कातळ तिला अधिक रोध करतो आणि पाणी धरून ठेवणारा भेगाळ थर कमी रोध करतो. सळयांमधील अंतर वाढवीत गेल्यास अधिक खोलीचा अंदाज येतो. पुस्तकात पाठ केलेला ओहमचा नियम येथे शेतकऱ्याच्या कर्जाशी जोडला जातो. कोरड्या विहिरीत बुडणारा पैसा वाचला, तर तो नियम विद्यार्थी जन्मभर विसरत नाही.

त्रिकोणांच्या जोडणीतून उभे राहणारे, कमी साहित्यात होणारे घुमटाकार ‘पाबळ डोम’ आणि कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टर हीदेखील याच पद्धतीची फळे होत.

३.३.५ रक्ताचा एक थेंब

गृह आणि आरोग्य विभागात विद्यार्थी रक्तगट व हिमोग्लोबिन तपासण्यास शिकत. ग्रामीण भागात थकलेल्या, धाप लागणाऱ्या स्त्रीविषयी ‘अंगात रक्त कमी आहे’ असे म्हटले जाते. लोकभाषेने हे निदान शास्त्राच्या आधीच केले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ‘कमी’ म्हणजे किती, हे भाषेला सांगता येत नाही. संख्या नसल्याने दुखणे अंगवळणी पडते. बाईमाणसाचे असेच चालायचे, असा समज होतो.

शालेय प्रयोगशाळेत करता येण्याजोगी साहली पद्धती साधी आहे. अंशांकित नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ठरावीक खुणेपर्यंत घेतात. बोटाला सुई टोचून २० मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी, रक्त त्यात मिसळतात. सुमारे १० मिनिटांत मिश्रण तपकिरी होते. मग त्यात थेंब थेंब ऊर्ध्वपातित पाणी घालून त्याचा रंग शेजारच्या प्रमाण रंगाशी जुळवितात. रंग जुळला की नळीवरील आकडा वाचावयाचा. १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीस रक्तक्षय आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मानले जाते; गर्भवतीसाठी ही मर्यादा साधारणतः ११ ग्रॅम आहे. रंग डोळ्यांनी जुळवायचा असल्याने या पद्धतीत थोडी चूक संभवते. म्हणून तिच्याकडे प्राथमिक चाळणी म्हणून पाहावे आणि पुढील उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

आता या प्रयोगाचा शैक्षणिक अर्थ पाहू. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी स्वतःचा आकडा स्वतः वाचते, तेव्हा तिच्या थकव्याला नाव आणि माप मिळते. पुढचा प्रश्न आपोआप आहाराचा येतो. बाजरीत, पालेभाज्यांत लोह आहे. पण वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर शोषण वाढते. जेवणालगत चहा घेतला तर ते घटते. घरात सर्वांनंतर जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय उरते, हा सामाजिक प्रश्नही याच आकड्यातून पुढे येतो. एका नळीतून रसायनशास्त्र, आहारशास्त्र आणि समाजशास्त्र असे एकत्र शिकता येतात.

३.३.६ दूध : मोजमाप आणि विश्वास

कोरडवाहू शेतकऱ्याला रोख पैसा देणारा जोडधंदा म्हणजे दूध. पहाटे डेअरीवर दूध घातल्यावर ‘फॅट किती लागले’ आणि ‘डिग्री किती भरली’ या दोन प्रश्नांवर त्याचा भाव ठरतो. डिग्री म्हणजे दुग्धमापकावरील वाचन. दुधात पाणी मिसळले की घनता घटते आणि मापक खाली बुडतो. मात्र पिठूळ पदार्थ किंवा साखर मिसळून घनता पुन्हा वाढविता येते. म्हणून एकट्या दुग्धमापकावर विसंबता येत नाही. दूध उकळून थंड केल्यावर त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर त्यात पिष्ट आहे हे कळते.

येथे दोन पक्ष आहेत हे विसरू नये. दूध भेसळीचे नाही ना, ही गिऱ्हाइकाची चिंता. तर निर्भेळ दुधाचे माप बरोबर घेतले गेले ना, ही शेतकऱ्याची. मोजण्याचे साधन फक्त घेणाऱ्याकडे असेल, तर देणाऱ्याला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. त्या विश्वासाला तडा गेला की प्रामाणिक शेतकरीही संशयाने घेरला जातो.

२००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ सुरू झाली. प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतून आलेली ही अमेरिकेबाहेरील अगदी आरंभीच्या फॅब लॅबपैकी एक होय. संगणकाच्या साहाय्याने हवी ती वस्तू किंवा उपकरण गावातच घडवावे, हा तिचा उद्देश. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या आधारे दुधातील स्निग्धांश आणि दुधाचे आंबणे मोजण्याच्या उपकरणावर येथे काम झाले. जगातील नामांकित तंत्रसंस्था आणि पाबळचा दूधउत्पादक यांना जोडणारा प्रश्न होता दुधाच्या मापाचा, ही गोष्ट कालबागांच्या दृष्टीची साक्ष देते.

३.३.७ विज्ञानाची भाषा

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. ग्रामीण मुलगा शाळेत ‘मागे’ पडतो, त्याचे एक कारण भाषिक असते. त्याच्या बोलीत काळी, तांबडी, बरड, मुरमाड, चोपण असे जमिनीचे सूक्ष्म वर्गीकरण आहे. पाठ्यपुस्तकात त्याला ‘मृदा’ भेटते आणि त्याचे ज्ञान अज्ञान ठरते. प्रत्यक्ष कामात मात्र वस्तू आधी हाती येते, मग तिचे नाव. चोपण जमीन आधी पायांनी ओळखलेली असेल, तर तिच्यातील क्षारांचा विचार परका वाटत नाही. दुसरीकडे ‘फॅट’, ‘डिग्री’, ‘वेल्डिंग’ हे शब्द लोकांनी व्यवहारातून स्वीकारून मराठीच्या व्याकरणात बसवले आहेत. त्यांच्यासाठी संस्कृतनिष्ठ पर्याय घडविण्याची घाई करण्याचे कारण नाही. संज्ञा कोशात घडते, पण रुजते ती वापरात. पाबळची कार्यशाळा ही त्या अर्थाने भाषेचीही कार्यशाळा आहे.

३.३.८ मर्यादा आणि अखेर

चरित्राचा अभ्यास करताना प्रश्नही विचारले पाहिजेत. हाताने काम करण्याला आपल्या समाजात जातीची आणि दर्जाची जोड आहे. ग्रामीण मुलांनी वेल्डिंग शिकावे आणि शहरी मुलांनी इंजिनिअर व्हावे, अशी विभागणी यातून पक्की होणार नाही का, ही शंका नई तालीमविषयीही घेतली गेली होती. पालकांनाही मुलाने ‘साहेब’ व्हावे असे वाटते. कालबागांच्या विचारात या शंकेचे उत्तर असे आहे की, हातांनी शिकणे ही शिकण्याची नैसर्गिक रीत असून ती सर्वच मुलांसाठी हवी. तत्त्व म्हणून हे उत्तर पटते. परंतु गुणांच्या स्पर्धेत गुंतलेल्या शाळांनी ते अद्याप सर्वत्र स्वीकारलेले नाही, हेही मान्य करावे लागते.

पाबळमध्ये सुमारे वीस वर्षे कार्यरत राहून डॉ. कालबाग ३० जुलै २००३ रोजी निवर्तले. त्यांच्यानंतरही आश्रमाचे काम चालू राहिले.

३.४ समारोप

डॉ. कालबाग यांनी विज्ञानाची प्रतिष्ठा शोधनिबंधांच्या संख्येत मानली नाही. ज्ञान एखाद्याच्या जीवनावर निर्णय देत असेल, तर ते पडताळून पाहण्याचा अधिकार त्या व्यक्तीला असला पाहिजे, हे सूत्र त्यांच्या कार्यातून दिसते. रक्ताची नळी, दुधाचे मापक, जमिनीत रोवलेल्या सळया ही त्या अधिकाराची साधने होत. आपल्या तब्येतीचा किंवा मालाचा आकडा स्वतः वाचू शकणारा माणूस डॉक्टर, व्यापारी वा अधिकाऱ्यासमोर वेगळ्या आत्मविश्वासाने उभा राहतो. पाबळच्या माळावर कालबागांनी याच आत्मविश्वासाची लागवड केली.

३.५ शब्दार्थ

अवर्षणप्रवण – वारंवार दुष्काळ पडणारा
पर्जन्यछाया – डोंगरामुळे पाऊस कमी पडणारा प्रदेश
पाणाड्या – जमिनीतील पाण्याची जागा सांगणारा
चोपण – क्षारयुक्त, पाणी न मुरणारी जमीन
पिष्ट – धान्य, बटाटा इत्यादींतील पिठूळ घटक
श्राव्यातीत – मानवी कानाला ऐकू न येणारा

३.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) विज्ञान आश्रमाची स्थापना कोणत्या साली झाली?
२) वनस्पती तुपात तिळाचे तेल घालण्याचा नियम का केला गेला?
३) गर्भवती स्त्रीसाठी हिमोग्लोबिनची किमान मर्यादा किती मानली जाते?

आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१) ‘कालबागांनी संशोधन सोडले नाही, त्याची जागा बदलली’ या विधानाची चर्चा करा.
२) मोजमापाचे साधन आणि सामाजिक विश्वास यांचा संबंध दुधाच्या उदाहरणातून स्पष्ट करा.

३.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील दूध संकलन केंद्रास भेट द्या. तेथे मोजमापासाठी वापरले जाणारे शब्द लिहून घ्या. त्यांपैकी मूळ मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शब्द वेगळे करा व शेतकरी ते कोणत्या अर्थाने वापरतात याची नोंद करा.